बाळंतपणाच्या रजेवर जावई

चहा घ्या, मग हसा माझ्यावर! आजवर कुणाला न सांगितलेली फजिती आहे ही.

लातूरला एका क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायचो. ऐन परीक्षेच्या तोंडावर आम्हाला मुलगा झाला. मालकांशी भांडून भांडून मी पंधरा दिवसांची भरपगारी रजा मिळवली. बापाला अशी रजा मिळालेला त्या क्लासातला मी पहिलाच!

कशासाठी? तर सुनीताला आराम मिळावा म्हणून. पहिलं बाळंतपण, त्यामुळं ती माहेरी, निलंग्याला. मीही बॅग उचलून तिकडंच गेलो. आता तुम्हीच सांगा, यात काय चुकलं?

पहिल्याच दिवशी बाळाचे लंगोट धुवायला बसलो. सासऱ्यांनी बादलीच ओढली.

"ओ सर, गल्ली बघायलीय! आमची इज्जत काढता का?"

दुसऱ्या दिवशी स्वतःच चहा केला. सासूबाईंचा, म्हणजे आमच्या मामींचा, चेहरा पडला.

"जावईबापूला माझा चहा आवडंना का काय?"

भरपाई म्हणून संध्याकाळी पुरणपोळी! जेवून माझं ताट मी उचललं, तर त्यांना वाटलं वाढण्यात कमी पडलं. लगेच शेंगांच्या पोळ्या. घाबरून म्हणालो, "मामी, मी जातो लातूरला."

झालं!

"सुनीते, जावई रुसले गं!" म्हणत त्यांनी बॅग कपाटात कोंडली. पुन्हा कढई चढली. बाळाला मात्र मी दारातूनच बघायचो, तेही ढेकर देत.

आठव्या दिवशी मामींना ताप भरला. स्वयंपाकघरात गेलो तर काय? सुनीता, ओली बाळंतीण, माझ्यासाठी भाकरी थापत होती.

"अगं, सोड, मी करतो!"

"येते का तुम्हाला?"

मी परात ओढली, तर पीठ बोटांनाच चिकटलं.

"आई दिवसभर माझ्यापाशी बसायची हो," ती हळूच म्हणाली. "तुम्ही आल्यापासून चुलीपाशीच हाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारच्याच एसटीनं परत आलो. उरलेली रजा खोलीवर एकट्यानं काढली. सुनीता बाळाला घेऊन तीन महिन्यांनी येणार होती, तेव्हासाठी एकही दिवस राखला नव्हता मी. त्याची हळहळ अजून जात नाही.

क्लासात गेलो, तर मालक माझ्या सुटलेल्या पोटाकडं बघतच राहिले.

"खरं सांगा सर, सासूबाईंनी बाळंतपण कुणाचं केलं?"

सगळी स्टाफरूम हसली. मीही हसणार होतो, पण खरंच की हो, माझंच केलं होतं!