तलावातलं निंदण

आमच्या प्राचार्यांनी माझ्याकडे एक पानभर मजकूर मागितला आहे. विषय : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या जीवनात अभ्यासेतर उपक्रमांचं महत्त्व. कॉलेजच्या वार्षिकांकात छापायचा आहे. एनएसएस मी सांभाळतो, म्हणून ही बिलामत माझ्या गळ्यात. दोन आठवडे झाले, पहिल्या वाक्याच्या पुढे सरकलेलो नाही. 'सर्वांगीण विकास' असं त्यात कुठंतरी येतं आणि ते वाचलं की मला माझाच राग येतो. हे शब्द मी याआधी एकदा लिहिले आहेत, आणि तेव्हा मी खोटं लिहीत होतो.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घर दवनीवाड्याकडे, कॉलेज गोंदियात. दुसऱ्या वर्षाचं इंग्रजी राहिलेलं. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा गचकलो, दुसऱ्यांदा नऊ गुणांनी. एनएसएसचं शिबिर पूर्ण करणाऱ्याला दहा गुण मिळतात असं कुणीतरी सांगितलं, आणि माझ्यात एकदम समाजसेवा जागी झाली. दहातून नऊ गेले तरी एक उरतो, एवढं गणित मला येत होतं.

शिबिर केशोरीकडच्या एका लहान गावात होतं. हिवाळ्यातले सात दिवस. मुक्काम शाळेच्या वर्गात, सकाळी घोषणा देत फेरी, मग श्रमदान. आमच्या गटाकडे तलावाची सफाई आली आणि गटप्रमुख मी. काठावर माजलेली बेशरमाची झुडपं तोडण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलो. कंबरभर पाण्याखाली गवताचे झुबके लागत होते. आम्ही सगळी धान पिकवणाऱ्यांची पोरं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, धानाशिवाय जे उगवलं ते निंदण, ते मुळासकट उपटायचं आणि बांधावर फेकायचं, हे आमच्या हाताला लहानपणापासून ठाऊक. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. दुपारपर्यंत काठावर ढीग लागले.

एक गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. निम्मं काम झाल्यावर माझ्या पायाला जाणवलं होतं, की हे झुबके रांगेत आहेत. एक पाऊल, झुबका. एक पाऊल, झुबका. धानाची रोवणी, म्हणजे लावणी, केलेल्या माणसाला याचा अर्थ कळायला हवा. मला कळला नाही, की कळूनही मी कळू दिला नाही, याचा उलगडा अजून होत नाही. चार वाजता फोटो काढायचे होते आणि ढीग मोठा दिसायला हवा होता, हे मात्र पक्कं आठवतं.

फोटोच्या आधीच एक बाई आली. ढिवराच्या घरची, खांद्यावर जाळं. ढिगापाशी थांबली आणि म्हणाली, "काऊन उपटून राहिले रे पोट्टेहो?"

"कचरा आहे ना मावशी," मी म्हणालो.

"कचरा? थे आमी लावलो होतो. उन्हाळ्यात, पानी उतरल्यावर, गाळात बसून. आमी साऱ्या बाया. मासा त्यातच अंडी देते. आता कुठं देईल?"

ती आरडाओरडा करील असं वाटलं होतं. तिनं केला असता तर बरं झालं असतं. ती ढिगापाशी बसली आणि त्यातलं ओलं, मुळं शाबूत असलेलं गवत वेगळं करू लागली. मी म्हणालो, आम्ही परत लावून देतो. ती म्हणाली, "भरल्या पान्यात लागत नाही बापा. आता उन्हाळाच पाहाव लागते." म्हणजे तिचं अख्खं वर्ष आम्ही श्रमदानात बुडवलं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

अक्षर बरं म्हणून अहवाल माझ्याकडे आला. मी शिबिराच्या सरांना विचारलं, गवताचं काय लिहू? सर वाईट नव्हते, तेही गोंधळले होते. म्हणाले, "जे चांगलं झालं तेवढं लिही ना बाबा. बाकीचं कायले उकरून राहिला? अहवाल गेला की सर्टिफिकेटं येतील." मी लिहिलं : तलाव स्वच्छ केला, ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केलं, विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास झाला. सर्टिफिकेट आलं, गुण आले, एका गुणानं इंग्रजी सुटलं. पुढे एम.ए. झालो, नोकरी लागली.

आता माझ्याच वर्गातली पोरं विचारतात, "सर, एनएसएस कायले करायचं? दहा मार्क भेटतात म्हणून?" नाही म्हणावं तर मी त्याचसाठी केलं होतं. हो म्हणावं तर ते सगळं खरं नाही. पाण्याखाली काय आहे ते विचारल्याशिवाय हात घालू नये, हे मी वर्गात नव्हे, त्या तलावात शिकलो. पण त्या शिकण्याची किंमत दुसऱ्याच कुणी मोजली. मग ते महत्त्व कुणाच्या खात्यात धरायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी गेल्या रविवारी गाडी काढली आणि त्या गावी गेलो. बाई होती. केस पांढरे झालेले, अंगणात जाळं विणत बसली होती. मला तिनं ओळखलं नाही. मी ओळख दिली, सगळं सांगितलं. रांगा पायाला लागल्या होत्या तेही, अहवालात खोटं मीच लिहिलं तेही.

तिनं विणता हात थांबवला नाही. म्हणाली, "उन्हाळ्यात पुन्हा लावलो होतो आमी. दुसऱ्या साली लागलं." मग विचारलं, "आन तुले थे मार्क भेटले का?"

"भेटले," मी म्हणालो. "त्याच्यावरच पास झालो."

"मंग कामी आलं म्हनाव गवत," ती म्हणाली.

ती हसून बोलली की टोचून, हे मला कळलं नाही. तिनं चहा दिला, मी तो प्यालो आणि परत आलो. प्राचार्यांचा कागद टेबलावर तसाच आहे. उद्या द्यायचा आहे.