कपाटातली अंबाडी

आमच्या बेडरूमच्या कपाटात कपडे नसतात, अंबाडी असते. (कपडे सोफ्यावर असतात.)

माझ्या सासूबाई अकोल्याहून बहारीनला आल्या त्या अट घेऊनच. "यंदा महालक्ष्म्या तुमच्याकडं मांडू. पण अंबाडीच्या भाजीबिगर नैवेद्य होत नाही, जावईबापू!"

आता आमच्या उम्म अल हस्सम भागातल्या दुकानांत मेथी मिळते, अळू मिळतं, अंबाडी काही केल्या मिळत नाही. बायको म्हणाली, "आई, पालक चालेल ना गं?" सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. पालकाचा विषय खलास!

"बी आणलंय ना तुम्ही? मग मी उगवतो!" मी छाती काढून म्हणालो. मी इंजिनियर, त्यात पुण्याचा. नुसतं उगवून कसं भागेल? तुलनात्मक अभ्यास नको?

बाहेरच्या उन्हात बी टाकलं असतं तर लाह्या झाल्या असत्या. म्हणून कपाट रिकामं केलं, आतून चंदेरी फॉइल चिकटवली, जांभळा दिवा टांगला, पंखा बसवला. एका कुंडीत माती, दुसरीत नारळाचा भुसा, आणि टबात नुसतं खताचं पाणी, त्यात माशांच्या टाकीतला पंप. मातीत चिलटं झाली आणि रोपांनी माना टाकल्या. भुशातली बरी वाढली, पण सारखी तहानलेली. पाण्यातली मात्र अशी माजली, की कपाटाचं दार लागेना! मी येईल त्याला फोटो दाखवत सुटलो.

"पानं बघितलीस का?" बायको म्हणाली. "बोटांसारखी लांब पाती, कडेला दाते. कशासारखी दिसतात सांगू?"

"अंबाडीसारखी!" मी म्हणालो. (अभ्यासू माणसाला एवढंच दिसतं.)

नेमका पूजेच्या दिवशी सकाळी बेडरूमचा एसी बंद पडला. घरमालकाने मेकॅनिक पाठवला. शिडीवर चढता चढता त्याची नजर उघड्या कपाटात गेली. जांभळा उजेड, गुरगुरणारा पंप आणि ती पानं! "साब, मैंने कुछ नहीं देखा," असं म्हणून तो शिडी तिथेच टाकून पळाला.

थोड्याच वेळात घरमालक अबू यूसुफ स्वतः दारात.

"त्यांना हा गांजा वाटतोय," बायको कुजबुजली. "तू गप्प बस. मी बोलते."

मी गप्प बसलो नाही.

"इंजिनियर, ये क्या है?"

"देखो, अबू यूसुफ! तीन तरीके से लगाया. सबसे अच्छा माल पानीवाला!"

"माल?"

"एकदम ताजा! घर के लिए है. थोडा दोस्त लोग को भी देगा. सब शाम को आ रहा है!"

बायकोने कपाळावर हात मारला. अबू यूसुफने खिशातून फोन काढला. "मैं पुलिस बुलाता है." माझ्या डोळ्यांसमोरून नोकरी, व्हिसा, सगळं तरळून गेलं. सासूबाईंच्या डोळ्यांसमोरून फक्त नैवेद्य गेला.

"ही भाजी हाय, बाप्पा, भाजी!" त्या मराठीतच गरजल्या. पुरावा म्हणून अबू यूसुफने टबातल्या पानाला हात घातला, तशा त्या आडव्या आल्या. "हात नका लावू! नैवेद्य व्हायचाय अजून!" मग मातीतलं एक मरतुकडं पान खुडून त्याच्या हातात ठेवलं आणि चावायची खूण केली.

त्याने चावलं. एक डोळा मिटला, तोंड वाकडं झालं आणि मग चेहरा उजळला. "वल्ला! ये तो करकदे!" इथे लोक आवडीने करकदेचं लाल, आंबट सरबत पितात, ते अंबाडीच्या सख्ख्या बहिणीचं. फोन खिशात गेला आणि संध्याकाळच्या जेवणाचं आमंत्रण त्याने स्वतःच घेतलं!

नैवेद्य साग्रसंगीत झाला. हिंग-मोहरीची खमंग फोडणी दिलेली अंबाडी महालक्ष्म्यांपुढे बघून सासूबाईंचे डोळे भरून आले. "जावई असावा तर असा!" लग्नानंतर हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. आनंदाने मला रडूच फुटायचं बाकी होतं. अबू यूसुफने भाजी दोनदा मागून घेतली. आमच्या मित्रमंडळींनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, "मग चवीला कुठली सरस? मातीतली, भुशातली की पाण्यातली?"

सगळे कान टवकारून माझ्याकडे बघू लागले. मी घसा खाकरला आणि पातेल्यात डोकावलो. कपाटभर अंबाडी शिजून वाटीभर झाली होती, आणि ती वाटीही आता अबू यूसुफ पुसत होता.

"अभ्यास," मी म्हणालो, "अजून चालू आहे."