सतरा नंबरचं पिल्लू

बीडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवता शिकवता मी तीन वर्षं अंदमानातल्या एका बेटावरचा खडक चाळत होतो. खडक भिजवायचा, बारीक चाळणीत धुवायचा आणि वाळलेल्या गाळातून ओल्या ब्रशच्या टोकाने जीवाश्म टिपायचे. खसखशीएवढे, दोन शिंपल्यांत मिटलेले, कोळंबीचे दूरचे भाऊबंद. नोंदवहीचा नियम माझाच होता: शंका पेन्सिलीने, खात्री शाईने.

मला एकच हाव होती, एखादी नवी जात आपल्या हातून सापडावी. ती सापडली तेव्हा मी थेट शाईने लिहिलं. पाच शिंपले, काठाला बारीक दाते. स्टाफरूममध्ये पेढेसुद्धा वाटले.

मग चौसाळ्याहून एसटीने येणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे संशोधनाला लागली. आठवड्याभरात तिने माझे पाच शिंपले आणि वहीतल्या सतरा नंबरच्या जुन्या जातीचे मोठे शिंपले आकाराप्रमाणे एका ओळीत मांडले.

"सर, हे नवं न्हाई. सतरा नंबरचं पिल्लू हाय."

हे जीव वाढताना कवच टाकतात आणि ती लहान कवचंही दगडात उरतात. हे मी दरवर्षी वर्गात घसा कोरडा करून सांगतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी नजर कुठून आणलीस, असं विचारलं तर म्हणे, "घरी जवारी निवडून निवडून डोळा बसलाय." मी ओळ खोडली. पेढे लोकांनी कधीच खाल्ले होते.

तेव्हापासून तिचं काहीही माझ्या डोळ्यांत सलायचं. खरं सांगतो, मी जळत होतो. त्यात तिलाच एक जात सापडली. लहानमोठे सात शिंपले, पाठीवर तीन उंचवटे. तीन दिवस मी सगळे ट्रे उपसले. ते कुणाचं तरी पिल्लू निघावं म्हणून अक्षरशः देव पाण्यात घालून बसलो. निघालं नाही. जात नवीच होती.

चौथ्या दिवशी ती शेजारी उभी असताना मी वही उघडली. नंबर टाकला, वर्णन लिहिलं, शोधणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. सगळं पेन्सिलीने.

ती त्या ओळीकडे बघत राहिली.

"काय शंका हाय का, सर?"

"नाही," मी म्हणालो.

तिने पर्समधून आपलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.