दाराला लावलेलं वल्हं

तो डोंगा, म्हणजे घरची जुनी होडी, फोडून चुलीत घालायचा बेत माझा होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे घरात जे चांगलं झालं त्याचं श्रेय घ्यायला मी नेहमीच पुढे असते, तेव्हा हेही माझ्याच नावावर असू द्या.

सत्तरच्या दशकात मी भंडाऱ्याहून पवनीला सून म्हणून आले. माहेरी दोन खोल्यांत आम्ही सात जण राहायचो, त्यामुळे सासर बघताना मला खरं म्हणजे अंगणच आवडलं होतं. नवरा त्याच्यासोबत आला. पण त्या अंगणाचा निम्मा भाग एका जुन्या डोंग्यानं खाल्ला होता. निंबाखाली तो पालथा पडलेला असायचा, दोन खाटा एकापुढे एक मांडल्या तर होईल एवढा लांब. वर गोवऱ्या वाळत आणि खाली कोंबड्या नांदत. कपडे वाळत घालायची दोरी बांधायची तर त्याला वळसा घालून. मी पहिल्याच महिन्यात विचारलं, "हे कायले ठेवलं?"

उत्तर मला हळूहळू कळलं. घर ढिवराचं, मूळ धंदा मासेमारीचा. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, तरुणपणी वैनगंगेत याच डोंग्यातून जाळं टाकायचे. एका पावसाळ्यात अडकलेलं जाळं सोडवायला गेले आणि धारेनं त्यांना नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या गावाहून ते जिवंत परत आले. डोंगाही पुढे कोणीतरी ओढून आणून दिला. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, तोवर दारात बसून होत्या. बांगड्यांना कोणाला हात लावू दिला नव्हता. मामाजी उंबऱ्यात येताच त्यांनी आठ वर्षांच्या मुलाला पुढे ओढलं. "याच्या डोक्यावर हात ठेवा आन् सांगा, डोंग्यात पाय ठेवणार नाई."

मामाजींनी सांगितलं. डोंगा अंगणात पालथा झाला आणि ते बाजारात चणे-फुटाणे-मुरमुरे विकायला लागले. वल्हं मात्र सासूबाईंनी आपल्या ताब्यात घेतलं. आमच्या पुढच्या दाराला आतून दोन लोखंडी कड्या होत्या. त्यांत ते वल्हं आडवं सरकवलं की झाला अडसर. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या स्वतः तो अडसर लावत आणि एकदा हलवून बघत. मला वाटायचं, चोरांची भीती असेल.

डोक्यावर हात ठेवून घेतलेलं ते आठ वर्षांचं पोर म्हणजे माझा नवरा. तो रोज सकाळच्या बसनं भंडाऱ्याला कचेरीत जायचा. घरातल्या कुठल्याही वादात त्याचं एकच म्हणणं असायचं, "मले यात पाडू नका."

तर लग्नाला चार-पाच वर्षं झाली आणि एका दसऱ्यानंतर माझा संयम संपला. मुळात तो फारसा नव्हताच. आंघोळीचं पाणी तापवायला लाकडं महाग झाली होती आणि अंगणात इतकं लाकूड फुकट पडलेलं. मी लाकूडतोड्याला बोलावलं. मामाजी दुकानात गेलेले, सासूबाई चुलीपाशी. त्यानं गोवऱ्या बाजूला केल्या आणि एक घाव घातला. कुऱ्हाड टण्णकन उडाली. तोच म्हणाला, "बाई, हे सागाचं आहे. आतून ठणठणीत आहे जी."

तेवढ्यात मामाजी तागडीची वजनं विसरली म्हणून परत आले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ते त्या घावाजवळ उकिडवे बसले, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सूनबाई, फोडायचा असंल तर फोड. पण एकदा सरळ करून पाहू दे."

चार माणसांनी डोंगा सरळ केला. खालून एक रागावलेली कोंबडी, पाच अंडी आणि माझा माहेरचा पितळी लोटा निघाला. तो लोटा चोरीला गेला म्हणून मी दोन वर्षं मोलकरणीवर संशय घेतला होता. त्या दिवशी मी मोलकरणीची आणि मामाजींची, दोघांची माफी मागायला हवी होती. मोलकरणीची मागितली.

डोंग्याच्या तळाची एक फळी कुजली होती, खिळे गंजून गेले होते आणि सांध्यांतून पलीकडचं अंगण दिसत होतं. पण मामाजींचा चेहरा असा खुलला होता की लाकडांचा विषय मी पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच खरवडण्याचा आवाज सुरू झाला. दुकान उघडायच्या आधी दोन तास, असं ते रोज चाललं. लोहारानं चपट्या डोक्याचे खिळे करून दिले. एका मोडक्या दाराच्या चौकटीतून सुतारानं फळी काढून दिली. गल्लीत येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबून सल्ला देऊ लागला, आणि ज्यानं आयुष्यात नदीत बोट बुडवलं नव्हतं त्याचा सल्ला सगळ्यांत लांब असायचा.

एक अडचण होती. शपथ. मामाजी डोंग्याला बाहेरून वाटेल ते करत, पण आत पाऊल टाकत नसत. अंगणात, कोरड्या मातीवर उभ्या असलेल्या डोंग्यातसुद्धा नाही. आतलं काम कोण करणार? नवऱ्याची बस निघून गेलेली असायची. उरले मी. पदर खोचून, हातात लाकडी हातोडी घेऊन मी डोंग्यात बसायची आणि मामाजी बाहेरून वाकून सांगायचे, "थोडं इकडं. हां. आता हळू." गल्लीतली माणसं कुंपणावरून विचारायची, "मास्तरीणबाई, कुठं निघाल्या?" मी म्हणायची, "नागपूरले! येता का?" मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दहाच्या घंटेला माझ्या नखांत राळ असायची आणि मुली तोंडावर रुमाल धरून हसायच्या.

सांधे भरायला कापूस लागतो. तो कुठून आला हे मला माझी गादी अर्धी झाली तेव्हा समजलं. जवसाच्या तेलात राळ उकळायची, कापसाच्या लांब वाती वळून त्यात भिजवायच्या, फटीत ठोकायच्या आणि वरून डांबर लावायचं. तो वास घरभर, भातात, वरणात, माझ्या केसांत. नवरा म्हणाला, "कचेरीत विचारून राहिले, तुमच्या घरी रस्ता बनवून राहिले काय?" मी त्याला म्हटलं, तुझ्या हातून आयुष्यात एक खिळा ठोकला गेला नाही, तू बोलू नकोस. तो म्हणाला, "मले यात पाडू नका."

इतके दिवस मी मामाजींना फार कमी बोलताना पाहिलं होतं. दुकानातून यायचे, जेवायचे, झोपायचे. आता ते खरवडताना गुणगुणत. कोंबडी पुन्हा डोंग्यात अंडं घालायला आली की तिच्याशी हुज्जत घालत. "अवं, आता हे घर तुहं नाई, समजली काय?" आणि मग स्वतःच खो खो हसत. मला त्यांचा दात पडलाय हे लग्नानंतर पाच वर्षांनी दिसलं, कारण ते तोंड उघडून हसलेच नव्हते. त्या दिवसांत मी फार सुखात होते. सुख म्हणजे काय असतं ते मला असं मागून कधी कळत नाही, तेव्हाच कळतं, आणि तेव्हा मला ते कळत होतं.

सासूबाई मात्र पुढच्या ओसरीवर यायच्या बंद झाल्या. तांदूळ निवडणं, भाजी चिरणं, सगळं मागच्या दारी. त्यांनी एकदाही अडवलं नाही. डोंगा दुरुस्त करू नका, अशी शपथ काही त्यांनी घातली नव्हती. फक्त जेवायच्या आधी आतून आवाज यायचा, "डांबराचे हात धुतल्याबिगर कोणी पाटावर बसू नका." एकदाच त्या बाहेर आल्या. मी कापसाची वात वळत होते आणि ती पुन्हा पुन्हा तुटत होती. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, देवाची वात वळतात तशी मांडीवर सरकन वळली, माझ्या हातात ठेवली आणि आत निघून गेल्या. मामाजींनी खालची मान वर केली नाही. पण त्यांचा खरवडायचा हात थांबला होता.

सांधे भरताना मी कापूस दाबदाबून कोंबायची. मामाजी म्हणायचे, "एवढं ठासून भरू नको. लाकूड पाणी पिते." मी हो म्हणायची. म्हाताऱ्या माणसांची अशी वाक्यं मी पुष्कळ ऐकली होती.

संक्रांतीच्या आधी शेवटचा डांबराचा हात झाला आणि डोंगा बैलबंडीवर घालून नदीवर नेला. मी शाळेत होते. सुटल्यावर धावतच घाटावर गेले आणि वरच्या पायरीवरच थांबले. मामाजी काठाशी गुडघाभर पाण्यात उभे होते आणि एकेक गोटा उचलून डोंग्यात ठेवत होते. डोंगा भरत गेला, पाणी काठावरून आत आलं आणि आमची तीन महिन्यांची मेहनत शांतपणे खाली गेली. वर नुसती दोरी राहिली. मामाजींनी नदीला हात जोडले.

विसर्जन! दुसरं काय सुचणार मला? बायकोला दिलेल्या शब्दापायी माणसानं आपल्या हातानं डोंगा बुडवला. मी तशीच मागं फिरले. घरी सासूबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"झालं नं तुमच्या मनासारखं, आत्याबाई? गोटे भरून बुडवला मामाजीनं डोंगा. तीन महिने तो माणूस हसत होता. गाणं म्हणत होता. तुमी मागच्या दारी तोंड करून बसल्या, तुमाले काय दिसणार? आता ठेवा त्याईले दुकानात, मुरमुऱ्याच्या पोत्यासारखं!"

सासूशी असं बोलायची रीत आमच्याकडे नाही. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "फुगाले टाकला असंल. वीस वर्स कोरडा पडला होता. चार दिवस पाण्यात बुडवून ठेवा लागते, मंग लाकूड फुगते आन् सांधे बसतात. ढिवराच्या घरच्या सुनेले येवढं बी मालूम नाई?"

पावसाळ्यात दारं का फुगतात, हा धडा मी दर वर्षी सातवीच्या मुलींना शिकवायची. तोंड लपवायला जागा नव्हती. मी आत जायला निघाले तर त्यांनी हाक मारली.

"गाणं म्हणत होते?"

"हो."

"कोणतं?"

"शब्द नाही समजले. नुसते गुणगुणत होते."

त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसल्या.

पाचव्या दिवशी रविवार होता. नवऱ्यालाही सुट्टी, म्हणून नाइलाजानं तो आला. गोटे काढले, डोंगा वर आला. माझ्या त्या पितळी लोट्यानं मी आतलं पाणी उपसलं. मग आम्ही दोघं आत बसलो, नवऱ्यानं बांबू टेकवून डोंगा चार हात पाण्यात लोटला. मामाजी काठावर.

"पाणी येऊन राहिलं काय?" त्यांनी ओरडून विचारलं.

मी तळाला हात लावून पाहिला. सांधे असे मिटले होते की नख जात नव्हतं. "नाही जी मामाजी! एक थेंब नाही!"

ते घाटाच्या पायरीवर बसले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसायला लागले. पुसणं काही संपेना. डोंगा पाण्यावर होता आणि ते पायरीवर. यासाठीच का मी तीन महिने हातोडी चालवली, असं वाटून मला रडू आलं.

तेव्हा घाटाच्या वरच्या टोकाला सासूबाई दिसल्या. खांद्यावर आमच्या दाराचा अडसर. एवढं लांब वल्हं घेऊन त्या एकेक पायरी उतरत आल्या. पलीकडच्या काठावर त्यांचं माहेर होतं, घाटावरून तिथली झाडं दिसायची. त्या शपथेनंतर त्या तिथे बसनं मोठा वळसा घालून जायच्या. दुसऱ्याच्या डोंग्यातही त्या बसल्या नव्हत्या. हे त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"इकडं ये," त्यांनी मुलाला बोलावलं. नवरा पँट वर करून पाण्यात उतरला आणि डोंगा ओढत काठावर आला. चष्मा लावलेला, तिशीकडे झुकलेला, कचेरीतला माणूस. सासूबाईंनी टाचा उंचावून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर ठेवून काढून घेतला आणि मामाजींना म्हणाल्या, "घेतली शपथ वापस. आता उठा."

या वेळी नवरा "मले यात पाडू नका" म्हणाला नाही. तो नाक ओढत होता.

मामाजी उठेनात. म्हणून सासूबाईच आधी डोंग्यात चढल्या, मला सरकायला लावून मधोमध बसल्या. "बुडलो तर दोघं बुडू. चला, मले माहेरी सोडा." मामाजींनी वल्हं हातात घेतलं, एका ठिकाणी कडीनं घासून ते गुळगुळीत झालं होतं, तिथं बोट फिरवलं आणि पाय डोंग्यात टाकला. वीस वर्षं मुरमुरे मोजणाऱ्या माणसाचे हात ते वाटले नाहीत. डोंगा तिरका न होता सरळ धारेत गेला. सासूबाईंनी एका हातानं काठ घट्ट धरला होता. दुसरा हात पाण्यात सोडलेला होता. मध्येच मामाजी गुणगुणायला लागले आणि सासूबाई मला म्हणाल्या, "हे होय? हे तं आमच्या लग्नातलं आहे." आणि पुढचे शब्द त्यांनी म्हटले.

त्या दिवशी माहेरच्या घरी त्यांनी सगळ्यांना दोनदोनदा सांगितलं, डोंग्यानं आलो. परत आलो ते दिवेलागणीला. वल्हं डोंग्यातच राहिलं होतं. मी पुढचं दार लोटलं, कड्या रिकाम्या. माझ्या सवयीनं मी लगेच कुरकुर केली, "आत्याबाई, आता दाराला अडसर नवीन करा लागंल."

त्या देवापुढे वात लावत होत्या. मागं न बघताच म्हणाल्या, "कायले पायजे? आता कोणाले अडवाचं आहे?"