माझा एकेक ठोका

कवितानं मला इथं आणलं, हे आधी लिहितो. कविता माझी बायको. ती उमरग्याची, नर्सिंग शिकलेली. मी नळदुर्गजवळच्या एका गावचा, आठवीत शाळा सोडलेला. तिला इंग्लंडच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मी आलो. पुढं जे झालं त्यात माझ्या बाजूनं ती एकटी उभी होती.

निघालो तेव्हा हायवेवर हैदराबादची गाडी उभी होती. चुलतभाऊ बंडू सगळ्यांदेखत म्हणाला, "लोक बायकू घरी आणत्यात. वहिनी नवऱ्याला पार्सल करून न्यायलीय!" सगळे हसले, मीही हसलो. माझे वडील, अण्णा, हसले नाहीत. आमचं घराणं गोंधळ्यांचं. अण्णांनी त्यांचं स्वतःचं संबळ गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं. "तिकडं गारवा लई. चामडं ढिलं पडंल. शेकल्याबिगर वाजवू नकू."

शेफील्डला मी एका हॉटेलात भांडी घासायला लागलो. इंग्रजी येत नव्हती. दाराची बेल वाजली तरी वाटायचं, कुणी परत पाठवायला आलं की काय. त्याच हॉटेलात टॉम वेटर होता. एकदा मी पातेल्याच्या बुडावर बोटं वाजवताना त्यानं ऐकलं. त्याचा चार पोरांचा रॉक बँड होता. गॅरेजात वाजवायचे, व्हिडिओ नेटवर टाकायचे, बघणारं फारसं कुणी नव्हतं. त्यानं मला बोलावलं. मी हीटरवर संबळ शेकलं आणि गेलो.

तालमीसाठी हॉटेलातली संध्याकाळची पाळी सोडावी लागणार होती. मी नकोच म्हणत होतो. कविता म्हणाली, "मी नाईट वाढवून घेते. तुमी जावा. वाजवताना तुमचं तोंड कसं होतं ते मी बघितलंय."

गिटारबरोबर मी संबळ वाजवलेला व्हिडिओ त्यांनी नेटवर टाकला, तो सुटला तो सुटलाच. कुठल्या कुठल्या देशातली माणसं विचारायला लागली, हे वाद्य कसलं? बँडला उन्हाळ्यातल्या मोठ्या मैदानी कार्यक्रमाचं बोलावणं आलं. बंडूचा फोन आला, "दादा, आमची वळख ठिवा बरं का आता!"

मग टॉमनं मला स्टुडिओत नेलं. संबळाला माईक अगदी चिकटवला. म्हणाला, एक ठोका दे. थांब. आता दुसरा. हळू. जोरात. काठावर. मधोमध. दिवसभर हेच. गावाकडं जागरणाला निघायच्या आधी अण्णा मला असेच सुटे ठोके द्यायला लावायचे, चामड्याशी कान नेऊन ऐकायचे. ज्याला बरोबर न्यायचं त्याच्याकडूनच तसं वाजवून घ्यायचे. मला वाटलं, हे मला बरोबर नेणार. मी एकेक ठोका जीव लावून दिला. जाताना टॉमनं खांद्यावर हात टाकला. "यू आर फॅमिली, मेट."

कार्यक्रमादिवशी मी संबळ कमरेला बांधून गेलो, कविता सोबत. स्टेजच्या गेटवर टॉमनं आमच्या हातात दोन पास दिले. आज तू मजा कर, म्हणाला. तुझं सगळं आता कॉम्प्युटरमध्ये आहे. दौऱ्यावर एक माणूस कमी असला की सोपं जातं. मला सुट्टी दिल्यासारखं हसून बोलला.

आम्ही गर्दीत उभे राहिलो. टॉमनं एका काळ्या रबराच्या पाटीवर बोट टेकवलं आणि अण्णांचं संबळ कडाडलं. लोक नाचायला लागले. मी कधी न वाजवलेली चाल माझ्याच ठोक्यांनी वाजत होती. माझे हात मात्र मोकळे.

तेवढ्यात गावाकडनं व्हिडिओ कॉल. नेटवर कार्यक्रम बघायला सगळी भावकी जमलेली. अण्णा म्हणाले, "आवाज तर आपलाच हाय. तू कुठं हाईस रं? स्टेजवर दिसंना झालास."

"गर्दी लई हाय, अण्णा."

कवितानं माझ्या हातातला फोन घेतला. "अण्णा, ह्यांला स्टेजवर घेतलं न्हाय. ठोकं काढून घेतलं अन् माणूस बाहीर ठिवला. उद्या सगळं सांगते." मग माझ्याकडं वळली. "चला, घरी."

आमच्या भाड्याच्या खोलीला तोवर ती 'रूम'च म्हणायची.

टॉमचा बँड आता मोठा झालाय. दुकानात त्यांचं गाणं लागलं की मी हातातली भाजी तिथंच ठेवून बाहेर येतो. टॉमचा फोन परत आला नाही. मी भांडणार तरी कसा? भांडण्याएवढी इंग्रजी अजून यायचीय. माझ्यासारखे जे बाहेर पडलात त्यांना एवढंच सांगतो: कुणी तुमच्याकडून सुटे ठोके मागितले, तर पुढं वाजवणार कोण, ते तिथंच विचारून घ्या.

घर म्हटलं की आधी गावचा ओटा आठवायचा. आता आधी कविताचं ते "चला" ऐकू येतं, ओटा मागून येतो.

व्हिसाच्या घाईत आमच्या लग्नाचा गोंधळ राहिला. दोन्ही घरं गोंधळ्यांची आणि आमचाच राहिला, म्हणून सासूबाई अजून टोमणा मारतात. कविता, एक दिवस उमरग्याला तुझ्या आईच्या अंगणात तुला बसवीन. नवऱ्यानं स्वतः वाजवायची रीत नाही, तरी मी वाजवीन, उजाडेपर्यंत. तू फक्त ऐकायचं.