शकूर ताशेवाल्याच्या छातीची टेप

एखाद्या वरातीत ताशा बेताल वाजू लागला की आजही माझं डोकं फिरतं. शेजारच्याला मी म्हणतो, "शकूरभाई असता ना, तर याच्या हातातल्या कामट्या हिसकावून घेतल्या असत्या." शेजारचा माझ्याकडे म्हाताऱ्याकडे पाहावं तसं पाहतो. शकूरभाई कोण, हे त्याला ठाऊकच नसतं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी, नारायणराव, धाड गावच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. शकूरभाईचं घर दवाखान्यामागच्या गल्लीत. माणूस किडकिडीत, मेंदी लावून लाल केलेली दाढी, आणि नाकावर राग. त्याची ताशा पार्टी छोटीच होती. दोन झांजवाले, ढोलावर त्याचा धाकटा भाऊ गुलजार, आणि पुढे ताशा घेऊन स्वतः. पाटलाचं लग्न असो की मुजावराचं, आधी शकूरभाईला सुपारी द्यायची आणि मगच मंडपवाल्याकडे जायचं, असा आमच्याकडचा रिवाज होता.

गुलजारचा हात भावाइतकाच तयार होता. पण त्याची नजर कायम शकूरभाईच्या हनुवटीवर. ठेका बदलायचा असला की शकूरभाई हनुवटी जराशी वर करायचा आणि सगळी पार्टी एकदम वळायची. हनुवटी हलली नाही, तर गुलजार तोच ठेका सकाळपर्यंत वाजवत बसला असता. मी त्याला चिडवायचो, "बे गुलजार, जेवताना तरी भाईकडं नको पाहू." तो हसायचा आणि पुन्हा भाईकडे पाहायचा.

एका उन्हाळ्यात, देऊळगाव राजाकडच्या एका खेड्यात नवरदेव वेशीत आला असताना शकूरभाई ताशा मांडीवर घेऊन मटकन खाली बसला. हृदयविकाराचा झटका. बुलढाण्याला नेलं, वाचला. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ताशा बंद. चांदबीभाभीनं ताशा गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. गुलजारनं आलेल्या सुपाऱ्या परत केल्या. "भाई नाई, त मले कोन सांगीन कधी बदलायचं?" एवढंच तो म्हणाला. शकूरभाई दिवसभर ओट्यावर बसून राहायचा. कुठून तरी वाजंत्री ऐकू आली की उठून आत जायचा. ते पाहवत नसे.

त्याच सुमारास, साल एकोणऐंशी असावं, शहरातल्या मेडिकल कॉलेजातले एक तरुण डॉक्टर जीप घेऊन आले. झटक्यातून वाचलेल्या माणसांच्या ठोक्यांचा ते अभ्यास करत होते. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. छातीवर चकत्या चिकटवायच्या, त्यांच्या तारा कमरेच्या पट्ट्यातल्या डब्याला जोडायच्या. डब्यात टेप फिरायची आणि दिवसरात्रीचा एकेक ठोका तिच्यावर उतरायचा. दोन ठोक्यांमध्ये किती अंतर पडतं ते डॉक्टर मग मोजणार होते.

शकूरभाईनं एकच विचारलं, "वाजवू द्यान का?"

"टेप पाहून सांगतो," डॉक्टर म्हणाले. "अंगावर यंत्र आहे हे विसरा आणि रोजच्यासारखे वागा."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा कसा आहे ते पाहायला मी गेलो तर दारातच थबकलो. शकूरभाई पार्टीचा जरीच्या कॉलरचा हिरवा कोट घालून खाटेवर ताठ बसलेला. घरात चिडीचूप. कोंबड्या शेजारच्या आशाबाईकडे पाठवलेल्या. चांदबीभाभी ओठांवर बोट ठेवून मला खुणावत होती.

"काय चाललंय हे?" मी ओरडलोच.

शकूरभाईनं कपाळाला हात लावला. तोंड माझ्या कानाशी आणून तो कुजबुजला, "बोंबलू नका ना कंपाउंडरसाहेब! टेप चालू हाये. मंधात तुमचा आवाज भरला."

रेडिओवर टेप कशी भरतात ते त्याला कुणीतरी सांगितलेलं होतं. ही टेप दुसरी आणि ती दुसरी, हे आम्ही कुणी त्याला सांगितलं नव्हतं. बिचाऱ्यानं रात्रभर कूससुद्धा बदलली नव्हती. भाभीला कालपासून बोलायची मनाई होती आणि ती रागानं फुलली होती. मी हसून हसून बेजार झालो.

काही आठवड्यांनी डॉक्टर कागदाच्या लांबच लांब पट्ट्या घेऊन आले. दवाखान्यातल्या टेबलावर त्यांनी त्या पसरल्या आणि पट्टीनं अंतरं दाखवू लागले. शकूरभाई वाकून वाकून पाहत होता. त्याचा चेहरा उजळत गेला.

"पाहा, नारायणराव! एक बी मात्रा हुकली नाई. असा हात कोनाचा हाये का?"

 डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "शकूरमियाँ, चांगल्या हृदयाचं उलट असतं. श्वास घेतला की ठोके जरा जवळ येतात, सोडला की लांबतात. चाललं, हसलं, रागावलं, की अंतर बदलतं. तुमचं बदलतच नाही."

"मंग ते खराब हाये?"

"तसं दिसतंय. पण तुम्ही दिवसभर पुतळ्यासारखे बसला होतात. पुन्हा एकदा लावू."

त्या दुसऱ्या खेपेला आम्ही सगळ्यांनी आशा धरली. मी तर नक्कीच धरली. शकूरभाई तारा लावून बाजार फिरला, खाटकाशी हाडांवरून भांडला, मशिदीत जाऊन आला, टेकाडावर चढून धापा टाकत उतरला. भाभी आधीची कसर भरून काढत दिवसभर बोलत होती. कोंबड्या अंगणात होत्या. एवढं सगळं केल्यावर त्या छातीनं थोडं तरी ऐकायला हवं होतं.

ऐकलं नाही. डॉक्टरांनी पट्ट्या आणल्या, पण या वेळी उलगडल्या नाहीत. अशा पट्ट्या आलेल्यांपैकी बरेच जण पुढं फार टिकलेले नाहीत, अभ्यास अजून चालू आहे, खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, असं ते अडखळत म्हणाले. मला त्यांचा संताप आला. एवढं यंत्र घेऊन फिरायचं आणि औषध काही नाही! पण ते चष्मा पुसत होते, आणि नुसता चष्माच पुसत नव्हते. 

"ह्यायनं ताशा नाई वाजवला, त वाचतीन का?" चांदबीभाभीनं विचारलं.

"तसा शब्द मी देऊ शकत नाही. पण वाजवू नये."

शकूरभाईनं गुंडाळलेल्या कागदांकडे बोट केलं. "खाटकाशी भांडलो तवा बी नाई बदलला?"

"नाही."

"मंग तो गडी कोनाचं आयकूनच नाई राह्यला," तो म्हणाला. "असा माणूस म्या पार्टीत ठेवला नसता."

घरी जाऊन त्यानं माळ्यावरचा ताशा काढायला सांगितला. भाभी रडायलाच लागली. तिला वाटलं, आता हा जिवावर उदार झाला. त्यानं ताशा घेतला, चामडं हातानं चाचपलं आणि पट्टा गुलजारच्या गळ्यात अडकवला. गुलजारनं तो काढला. यानं पुन्हा अडकवला. अशी झटापट झाली आणि शेवटी दोघंही भाऊ खाली बसून रडले.

पावसाळाभर शकूरभाई तोंडानं बोल सांगत राहिला आणि गुलजार वाजवत राहिला. ढोलावर एका झांजवाल्याला बसवलं. गुलजारचा हात लखलखीत चालायचा, पण ठेका बदलायची वेळ आली की नजर गेलीच भावाकडे. शकूरभाई शिव्या घालायचा. काही उपयोग नव्हता.

दिवाळीनंतर गावातल्या रामरावांच्या मुलीचं लग्न निघालं. नव्या पार्टीची पहिलीच सुपारी. शकूरभाई साध्या सदऱ्यात माझ्याबरोबर रस्त्याकडेला उभा राहिला. वरात आली. गुलजारनं सुरुवात छान केली, आणि मग तोच ठेका, तोच ठेका, तोच ठेका. नाचणारी पोरं कंटाळून थांबली. गुलजारचे डोळे गर्दीतून भावाला शोधत होते आणि ते सापडलेही. मी शकूरभाईकडे पाहिलं. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. नुसती हनुवटी उचलायची होती. त्याला कुणी अडवलं नव्हतं.

त्यानं पाठ फिरवली. वरातीकडे पाठ करून तो शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ठेका आणखी थोडा वेळ तसाच रेटत राहिला. मग एकदम अडखळला, जवळजवळ तुटला. आणि वळला. आधी ओबडधोबड, मग बरोबर, मग इतका मोकळा की मागे राहिलेली माणसंसुद्धा पुढे धावली. गुलजारनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मनानं ठेका बदलला होता.

"शकूरभाई, अहो, वळा! पाहा तरी कसा वाजवतोय!" मी त्याचा दंड धरून हलवला.

त्याची दाढी भिजली होती. भिंतीवरची नजर न काढता तो म्हणाला, "नाई, नारायणराव. म्या पाह्यलं, त तो पुन्हा माह्याकडंच पाह्यन."