चतुराबाईच्या घरची दोन माणसं

तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात चतुराबाईच्या जिभेला सगळे टरकून असत. बाप्पा, ती खरं तेच बोलायची, हीच तर पंचाईत! पण एक खोटं ती तीन वर्षं बोलली आणि अख्ख्या गल्लीनं ते गुपचूप पचवलं.

दोन हजार चारची गोष्ट. कापसात काही राम उरला नव्हता, पोरं कामासाठी सुरतेला गेली. चतुराबाईचा एकुलता एक पोरगा कुलदीपही गेला. त्याच साली बायांच्या बचत गटानं अकरा घरांत मिळून एक गोबरगॅस बांधला. ढोरंवाल्यांनी शेण द्यायचं, बिनढोरवाल्यांनी ते रोज कालवायचं. गॅस मात्र सगळ्यांना सारखा, सकाळी माणशी पंधरा मिनिटं. हिशेबाची वही गटातल्या इफ्फतकडे. "माणसं किती?" तिनं विचारलं. नवरा केव्हाच वारलेला, पोरगा सुरतेला, तरी चतुराबाई ठसक्यात म्हणाली, "दोन."

कोपरापर्यंत शेणात हात घालून ती आपला वाटा उचलायची, मग दोन भाकरी टाकायची. दुसरी कुलदीपची. पहिल्या दिवाळीला त्याचा फोन आला होता, पुढं काहीच नाही. सांजेला ती भाकर तीच खायची. घरात बोलायला कोणी नाही म्हणून तव्याशी भांडायची.

तिसऱ्या वर्षी चाऱ्यावाचून ढोरं विकली गेली, शेण घटलं. शेजारच्या रागिणीला जुळं झालेलं, आणि तिच्या अंघोळीचं पाणी कोमट होण्याआधीच गॅस विझायचा. मग बैठक बसली. माणसं नव्यानं मोजायचं ठरलं.

इफ्फतनं मान वर न करता वाचलं, "चतुराबाई, दोन."

कोणी हूं का चूं केलं नाही. रागिणीनंही नाही, ती पोराचं टोपडं सारखं करत राहिली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं तर! कोणी भांडलं असतं तर चतुराबाईला बरं वाटलं असतं. ही दया तिला नको होती.

"काहून गप बसल्या वो साऱ्या?" ती कडाडली. "एक लिव, इफ्फत. मी एकटीच हावो. कुलदीपच्या वाट्याचा गॅस रागिणीले दे."

इफ्फतचा पेन हलेना. "अन् कुलदीप आला तं, मावशी?"

"आला तं चुलीवर भाकर करीन त्याले." तिनं वहीवर बोट ठेवलं. "तू लिव."

इफ्फतनं लिहिलं.